खुडूक कोंबडीखालच्या तीन बाटल्या

बुधवारी सकाळचे अकरा वाजले तरी कॉस्मे फर्नांडिसच्या दुकानाकडे एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. तोंडवलीला जाणाऱ्या तिठ्यावर त्याच्या बापाने टाकलेलं हे कोंबडीचं दुकान. सोमवारी लोक खात नाहीत, गुरुवारी खात नाहीत, शनिवारी निम्मे खात नाहीत, हे सगळं कॉस्मेने आयुष्याशी जुळवून घेतलं होतं. पण बुधवार म्हणजे बुधवार. बुधवारी त्याला नाक खाजवायलाही हात मोकळा मिळत नसे. आज मात्र तो सुरी पुसत बसला होता, आणि पुसून पुसून ती आरशासारखी झाली होती.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये इमेल्डा टीचरचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला होता. इमेल्डा रॉड्रिग्ज चौतीस वर्षं गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होत्या. कॉस्मे त्यांचा विद्यार्थी, त्याची बायको प्रिसिलाही त्यांचीच विद्यार्थिनी. मे महिन्याच्या उकाड्यात साठ माणसं जेवली. अठरा किलो कोंबडी कॉस्मेच्या दुकानातून गेली, तिची शागुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातला रस्सा, बाबू आचाऱ्याने केली. आणि सॅलड टीचरनी स्वतः केलं. बटाटा, गाजर, वाटाणे आणि वरून घरी घोटलेलं पांढरं मेयोनेज. ते करताना टीचर स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेत आणि कुणालाही आत घेत नसत.

सोमवारी उजाडेपर्यंत साठांतली एकवीस माणसं आडवी झाली. दोघांना मालवणात नेऊन सलाईन लावावं लागलं. वाढदिवसाच्या कमिटीचा अध्यक्ष क्रिस्टोफर, ज्याचा मंडप आणि खुर्च्या भाड्याने देण्याचा धंदा होता, त्याने माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘सर्वांना कळविण्यात येते की कालचा चिकन बाद होता. काळजी घ्यावी. मी सध्या जास्त वेळ टाइप करू शकत नाही.’

कॉस्मेने उत्तर टाकलं, ‘मी पण खाल्लंय. माका काय झाला नाय.’

दहा मिनिटांनी क्रिस्टोफरचा निरोप आला, ‘तुका सवय आसा.’

त्याच्यावर चौदा जणांनी अंगठे दाखवले. हे चौदा अंगठे कॉस्मेच्या जिव्हारी लागले होते. त्यांतले निम्मे तर त्याचे रोजचे गिऱ्हाईक.

“बसान काय होतला?” प्रिसिला दुकानात येऊन म्हणाली. “मी रिशेलाक फोन केलंय. ती येता हा.”

रिशेल ही कॉस्मेच्या बहिणीची मुलगी. म्हापशाला एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. हॉटेलांना आणि परदेशात जाणाऱ्या मांसमच्छीत वाईट जंतू आहेत की नाहीत, हे बघणं तिचं काम. कॉस्मेला ते काम कधी नीट कळलं नव्हतं. भाची दिवसभर चिकन बघत बसते आणि त्याचा पगार घेते, आपण दिवसभर चिकन कापतो, एवढाच दोघांतला फरक, असं तो लोकांना सांगत असे.

दुपारच्या बसने रिशेल उतरली ती थर्मासच्या पेटीसारखी एक निळी पेटी घेऊन. पाणी पितानाच तिने विचारलं, “मामा, रविवारचा काय शिल्लक आसा?”

कॉस्मे म्हणाला, “तीन दिवस झाले, शिल्लक खंयचा?”

प्रिसिलाने हात पुसले. ती फ्रिजकडे गेली आणि मागच्या बाजूने दोन स्टीलचे डबे काढून आणले. एकात शागुती, दुसऱ्यात सॅलड. प्रिसिला कुठल्याही जेवणाला जाताना पर्समध्ये दोन रिकामे डबे नेते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त नवऱ्याला माहीत नव्हतं.

“ह्या कधी भरलंस?” कॉस्मेने विचारलं.

“तुमी भाषण करत हुतात तेव्हा.”

“सॅलड खाल्लंस काय, मामी?” रिशेलने विचारलं.

“नाय गो. सोमवारी खाऊक म्हणान ठेवलंय, आणि सोमवारी ह्यो गोंधळ.”

रिशेल हसली आणि कामाला लागली. हातमोजे चढवून तिने शागुतीतला पंचवीस ग्रॅमचा तुकडा एका बाटलीत टाकला, सॅलड दुसऱ्या बाटलीत. बाटल्यांत फिकट पिवळं पाणी होतं. ते जंतूंचं जेवण, असं तिने सांगितलं. मग दुकानात जाऊन इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “मामा, ज्याच्यार कापतास तो ओंडको खंयचो?”

“चिंचेचो. बापाशीच्या वेळचो.”

तिने कापसाचा बोळा ओंडक्यावरून फिरवला आणि तो तिसऱ्या बाटलीत टाकला. कॉस्मेला ते आवडलं नाही. पाव्हणीने घरात येऊन पलंगाखाली वाकून बघावं तसं त्याला वाटलं.

“आता काय?” त्याने विचारलं.

“आता एक दिवस थांबूचा. जंतू थोडे आसले तर दिसणत नाय. गरमीत ठेवले की खाऊन-पिऊन वाढतत. मगे पट्टी लावतलंय, पाव तासात कळतला.”

“माका तर प्रिसिलान सांगल्यान, झटपट टेस्ट आसा म्हणान.”

“झटपटच ती. पयली पाच दिवस लागायचे.”

खरी अडचण गरमीची होती. बाटल्या एकोणचाळीस-चाळीस अंशांत चोवीस तास राहायला हव्यात, ना कमी ना जास्त. प्रयोगशाळेत त्याला कपाटाएवढं मशीन असतं. भाताच्या कुकरात ठेवावं तर जंतू शिजून मरणार, उन्हात ठेवावं तर रात्री गार. रिशेलने थर्मामीटर घेऊन सगळं घर पालथं घातलं. फ्रिजच्या मागे चौतीस, चुलीच्या कडेला पन्नास. शेवटी ती मागच्या पडवीत गेली आणि तिथेच उभी राहिली.

पडवीत टोपलीत गवतावर प्रिसिलाची तांबडी कोंबडी खुडूक बसली होती. पोटाखाली नऊ अंडी. रिशेलने जपून तिच्या पंखाखाली थर्मामीटर सरकवला. कोंबडीने तिला दोनदा चोच मारली. तीन मिनिटांनी आकडा आला साडेएकोणचाळीस.

“मामी,” रिशेल म्हणाली, “हिका एक दिवस माका दी.”

प्रिसिला कबूल होईना. कोंबडी उठली तर नऊ पिल्लं जातील, वाईट जंतू अंड्यांना लागतील, शिवाय आधी कोंबडीला विचारायला हवं. रिशेलने बाटल्यांची बुचं आवळली, प्रत्येकीला दोन-दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलं आणि शपथेवर सांगितलं की बाहेर थेंब येणार नाही. मग तिन्ही बाटल्या अंड्यांमध्ये आडव्या सरकवल्या. कोंबडी उठून उभी राहिली, वाकून बघितलं, चोचीने एक बाटली फिरवून सरळ केली आणि पुन्हा बसली. तिला बाराच्या बारा आपलीच अंडी वाटली असावीत.

गुरुवारी सकाळी रिशेल वही घेऊन निघाली. कुणी काय खाल्लं आणि कुणाला त्रास झाला, ते घरोघर विचारायचं होतं. कॉस्मेला तिने बरोबर घेतलं. पहिलं घर क्रिस्टोफरचं. तो आरामखुर्चीत लिंबूपाणी घेऊन बसला होता, गालफडं बसली होती, तरी आवाजात अध्यक्षपद होतं.

“किती चिकन खाल्लास?” रिशेलने विचारलं.

“दोन तुकडे. पण तेवढ्यानच मारला.”

“आणि सॅलड?”

“सॅलड तीन वेळा घेतलंय. पण सॅलडाचा नाव काढू नको हां. तां टीचरनी केलेला.”

सगळ्या घरी हेच. टीचरच्या हाताला दोष देणं म्हणजे दहावीच्या निकालाला दोष देण्यासारखं होतं. दुपारपर्यंत रिशेलच्या वहीत चाळीस नावं झाली. त्यांत आजारी पडलेले एकोणीस, आणि त्या सगळ्यांनी सॅलड खाल्लं होतं. ज्यांनी फक्त शागुती खाल्ली, ते बाबू आचाऱ्यासारखे ठणठणीत होते. कॉस्मेनेही सॅलड खाल्लं नव्हतं. थंड बटाटा खायचा कशाला, हे त्याचं लहानपणापासूनचं मत होतं. त्याची चाल हळूहळू बदलू लागली, छाती थोडी पुढे आली.

शेवटचं घर राधाबाई परुळेकरांचं. राधाबाई त्याच हायस्कुलात मराठी शिकवत. टीचरपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण जन्माची मैत्रीण. मूळच्या वैभववाडीकडच्या आणि पक्क्या शाकाहारी. केकमध्ये अंडं असतं म्हणून वाढदिवसाच्या केकलाही त्यांनी बोट लावलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या घरी जाण्यात अर्थ नाही असं कॉस्मेचं म्हणणं होतं. पण रिशेल म्हणाली, विचारायचं तर सगळ्यांना.

राधाबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. “मी अगदी ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या.

“बाई, सॅलड खाल्लंत ना तुम्ही?” रिशेल त्यांच्याशी शाळेतल्यासारखं बोलू लागली.

“खाल्लं. इमेल्डाचं सॅलड मी गेली एकतीस वर्षं खाते. मला काही झालेलं नाही. माझ्या घरी उगाच चौकशा नकोत.” एवढं बोलून त्यांनी पोटाशी हात नेला, चेहरा विचित्र केला आणि आत जाऊन दार लावलं. खिडकीत मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या होता आणि त्याच्या बाजूला औषधाच्या रिकाम्या पुड्या.

“आजारी आसत,” रिशेल वाटेत म्हणाली. “मगे लपवतत कित्या?”

“चिकन बाद म्हणान गावात बोंब आसा,” कॉस्मे म्हणाला. “बाई आजारी म्हटल्यार लोक काय म्हणतले? बाईन चिकन खाल्ल्यान.”

रिशेलने वहीत आजाऱ्यांमध्ये विसावं नाव लिहिलं. पुढे प्रश्नचिन्ह केलं, मग ते खोडलं.

चार वाजता कोंबडीखालून बाटल्या काढल्या. पिवळं पाणी गढूळ झालं होतं. रिशेलने प्रत्येकातलं थोडं पाणी बारीक नळीत घेऊन उकळलं, गार केलं आणि तीन पांढऱ्या पट्ट्यांवर तीन-तीन थेंब टाकले. एक रेघ आली तर साल्मोनेला नावाचे जंतू नाहीत, दोन आल्या तर आहेत, असं तिने समजावलं. साल्मोनेला कॉस्मेला एखाद्या गोवेकर बाईचं नाव वाटलं.

तिघं टेबलाभोवती बसली. पहिल्या पट्टीवर, म्हणजे शागुतीच्या, एक रेघ उमटली आणि तेवढीच राहिली. कॉस्मेने छातीवर क्रूस केला. दुसऱ्या पट्टीवर, म्हणजे सॅलडच्या, एक रेघ आली आणि मग तिच्या शेजारी दुसरी, गुलाबी, ठळक.

प्रिसिला वाकून बघत होती. “म्हणजे सॅलडाक दिवस गेले,” ती म्हणाली.

कॉस्मे इतका हसला की त्याला ठसका लागला. तीन दिवसांत तो पहिल्यांदाच हसत होता. त्याने खिशातून फोन काढला, सॅलडच्या पट्टीचा फोटो काढला, ग्रुप उघडला आणि लिहायला सुरुवात केली. ‘क्रिस्टोफर, अंगठे दाखवणाऱ्यांनी डोळे उघडून बघूचा—’

“मामा,” रिशेल म्हणाली, “तिसरी पट्टी.”

ओंडक्याच्या पट्टीवर दोन रेघा होत्या.

कॉस्मेने आधी चष्मा पुसला. मग पट्टी उलटी धरून बघितली. रेघा दोनच राहिल्या.

“कच्च्या कोंबडीत हे बऱ्याचदा सापडतत,” रिशेल त्याला धीर देत म्हणाली. “शिजली की मरतत. म्हणान तर शागुती चांगली निघाली. पण माका एक सांग, मामा, टीचरनी अंडी खंयसून घेतल्यानी?”

“अंडी? सॅलडात अंडी खंय?”

“मेयोनेज कच्च्या अंड्यांचाच करतत.”

कॉस्मेला आठवलं. शनिवारी टीचरचा निरोप आला होता, सहा अंडी पाठव. त्याने पाठवली होती. तो उठून दुकानात गेला, रिशेलही मागोमाग. अंड्यांचा ट्रे होता तिथेच होता, ओंडक्याखालच्या फळीवर. ओंडक्याच्या एका भेगेतून खाली पाणी झिरपत असे. त्याची एक लांबट तपकिरी वाट फळीवर वर्षानुवर्षं उमटली होती आणि ती बरोबर ट्रेच्या कडेला जाऊन संपत होती. हे सगळं तो रोज बघत होता. म्हणजे, रोज त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

“हेच झाला असा मी छातीठोक सांगूक शकणंय नाय,” रिशेल म्हणाली. “ही घरातली टेस्ट. बाटल्या लॅबमध्ये नेऊन परत बघूक होये. पण ट्रे हयसर ठेवू नको.”

कॉस्मे परत टेबलाशी आला. फोनवर अर्धवट लिहिलेलं वाक्य तसंच होतं, सॅलडच्या पट्टीचा फोटोही तयार होता. नुसता तो फोटो टाकला असता तर क्रिस्टोफरसकट सगळ्यांचे अंगठे खाली आले असते. रविवारी दुकानात रांग लागली असती. ओंडक्याच्या पट्टीबद्दल गावाला कळायचं काही कारण नव्हतं.

“काय करू?” त्याने भाचीला विचारलं.

“तूच ठरव.”

प्रिसिलाकडे बघितलं तर ती पाठमोरी होऊन डबे घासत होती, आणि तिची पाठ काय म्हणतेय ते त्याला कळत होतं. त्याने एकेक अक्षर मागे मागे घेत सगळं वाक्य पुसलं.

शुक्रवारी सकाळी तो टीचरच्या घरी गेला. रिशेल बरोबर होती, खिशात प्लास्टिकच्या पिशवीत तिन्ही पट्ट्या. इमेल्डा टीचर ओटीवर शब्दकोडं सोडवत होत्या. पाव्हणे जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही हा त्यांचा नियम, आणि रविवारी त्यांच्यापर्यंत सॅलड उरलंच नव्हतं, म्हणून त्या वाचल्या होत्या.

“बस रे,” त्या म्हणाल्या.

“नको टीचर, उभोच रवतंय.” छप्पन्न वर्षांचा कॉस्मे भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि सांगू लागला. ओंडक्यापासून सुरुवात केली. फळीवरचं पाणी, ट्रे, सहा अंडी. मग शागुती. सॅलडचा विषय आला तेव्हा त्याचा आवाज इतका बारीक झाला की टीचरनी हात कानाशी नेला. शेवटी रिशेलने पट्ट्या टेबलावर मांडल्या.

टीचरनी त्या चष्मा लावून, मग चष्मा काढून बघितल्या. “सकाळी सहाक केलंय,” त्या म्हणाल्या. “जेवणा दोनाक झाली. आठ तास. मे महिन्यात.”

टीचरनी चष्मा पुन्हा लावला.

“चौतीस वर्षं फळ्यावर जंतू काढले मी,” त्या शाळेतल्या मराठीत म्हणाल्या. “उष्णता, ओलावा आणि अन्न मिळालं की जंतूंची वाढ होते. हा दोन गुणांचा प्रश्न असायचा. कॉस्मे, तुला दोनांपैकी किती मिळाले होते?”

“शून्य, टीचर.”

“मला पण शून्य.”

त्यांनी तोंड अंगणाकडे वळवलं. कॉस्मेला वाटलं, आता रडतात की काय. पण टीचरना भलतीच काळजी लागली होती.

“ह्या कोणाकोणाक सांगलंस? राधाक सांगलंस?”

“नाय. पण टीचर, बाई पण आजारी आसत. लपवतत.”

टीचरनी कपाळाला हात लावला. मग जे सांगितलं ते असं. एकतीस वर्षांपूर्वी राधाबाई नव्याने शाळेत आल्या तेव्हा वैभववाडीची आठवण येऊन जेवत नसत. टीचरनी स्टाफरूममध्ये आपला सॅलडचा डबा त्यांच्यापुढे केला. राधाबाईंनी सगळा डबा संपवला आणि मग विचारलं, यात काय काय असतं? बटाटा, गाजर, वाटाणे, तेल, लिंबू, एवढं टीचर सांगतायत तोवर तासाची घंटा झाली. अंडं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी राधाबाई हसत हसत आल्या आणि म्हणाल्या, इमेल्डा, तुझ्या सॅलडने मला इथे राहायचं बळ दिलं. मग सांगायचं कसं?

“एकतीस वर्षं, दर नाताळाक, दर वाढदिवसाक,” टीचर म्हणाल्या. “जंतूंचा मी ग्रुपवर लिहितलंय, त्येका मी भियणंय नाय. पण कच्च्या अंड्यांचा लिहिला तर ती ता वाचतली.”

“आदी तेंकाच सांगूया,” कॉस्मे म्हणाला. स्वतःचं सांगून झाल्यामुळे त्याला आता धीर आला होता.

टीचरनी साडी बदलली, छत्री घेतली आणि तिघं राधाबाईंच्या घरी गेली. आज दार उघडायला त्यांना वेळ लागला. चेहरा उतरला होता. टीचर त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या, दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर ठेवले आणि घंटेपासून सगळं सांगितलं. काही राखलं नाही. कच्ची अंडी, किलोभर बटाट्याला तीन.

राधाबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांत काहीतरी वेगळंच दिसू लागलं. कॉस्मेला तो राग वाटला, म्हणून तो दाराकडे अर्धा पाऊल सरकला.

“म्हणजे,” राधाबाई हळूच म्हणाल्या, “रश्श्यामुळे नाही?”

“खंयचो रस्सो?” टीचर म्हणाल्या.

राधाबाईंनी जीभ चावली. पण बोललेलं परत घेता येत नव्हतं. पदराशी चाळा करत त्यांनी कबूल केलं. रविवारी बाबूने शागुतीचं पातेलं त्यांच्या शेजारच्या टेबलावर ठेवलं, झाकण काढलं आणि भाजलेल्या खोबऱ्याचा तो वास आला. हॉलमधले सगळे कॉस्मेच्या भाषणाकडे बघत होते. हातात पावाचा तुकडा होता. कसा बुडाला ते कळलंच नाही.

“एकच तुकडा?” टीचरनी विचारलं.

“भाषण लांबलं,” राधाबाई म्हणाल्या.

सोमवारी पोट बिघडलं तेव्हा त्यांना वाटलं, हा देवीचा कोप. औषधाबरोबर त्यांनी सातेरीला नारळ बोलला होता आणि चार दिवस घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. रिशेलने पुढे होऊन शागुतीची पट्टी दाखवली. एकच रेघ. रस्सा नीट उकळलेला होता, त्यात साल्मोनेला नव्हता, असं तिने सांगितलं. राधाबाईंनी पट्टी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरली आणि एक मोठा श्वास सोडला. कॉस्मेचं चिकन निर्दोष असल्याची याहून मोठी साक्ष मिळाली नसती, आणि ती त्याला कुठेच देता येणार नव्हती.

“पण इमेल्डा, तू मला फसवलंस, ते वेगळं,” राधाबाई म्हणाल्या.

“वेगळांच ता.”

“तो विषय मी बरी झाल्यावर काढणार आहे.”

“काढ. मी खंय जातंय?”

मग टीचर राधाबाईंच्या फोनवर ग्रुपसाठी मजकूर लिहू लागल्या. राधाबाई आजारपणातही ऱ्हस्वदीर्घ सुधारत होत्या. शेवटी मजकूर गेला तो असा, ‘रविवारचा त्रास माझ्या सॅलडमधील कच्च्या अंड्यांमुळे झाला, असे प्राथमिक तपासणीत दिसते. ते मी आठ तास उन्हाळ्यात बाहेर ठेवले, ही माझी चूक. चिकन चांगले शिजवलेले होते व त्यात दोष आढळला नाही. सर्वांची क्षमा मागते. इ. रॉड्रिग्ज.’ त्याच्याखाली कॉस्मेने आपलं जोडलं, ‘अंडी माझ्या दुकानातली. ट्रे ओंडक्याखाली हुतो, पाणी गळायचा. चूक माझी पण आसा. आता ट्रे वेगळो.’

पाऊण तास गेला. मग क्रिस्टोफरने लिहिलं, ‘टीचर, तुमचा सॅलड चांगलाच हुता.’ एवढं होऊनही तो टीचरच्या बाजूने होता.

आठ दिवसांनी रिशेलचा फोन आला, लॅबमध्येही तेच निघालं. तोवर कॉस्मेने ओंडका दुकानातून काढला होता. आधी चार दिवस गरम पाण्याने आणि ब्लीचने घासला, पण भेगा खोल होत्या. त्याच्या जागी पांढऱ्या जाड प्लास्टिकचा पाट आला. त्याच्यावर सुरीचा आवाज वेगळाच यायचा, पातळ, पोकळ. पहिले काही दिवस कॉस्मे कापताना मधेच थांबायचा, कुणीतरी दुसराच माणूस कापतोय असं त्याला वाटायचं. ओंडका प्रिसिलाने फोडून न्हाणीच्या चुलीत घातला. बापाच्या ओंडक्यावर तापलेल्या पाण्याने कॉस्मेने सहा दिवस आंघोळ केली आणि त्यातल्या एकाही दिवशी तो नेहमीसारखा गायला नाही.

गिऱ्हाईक मात्र परतलं. पहिला आला तो क्रिस्टोफर. त्याने लाजत लाजत एक किलो मागितलं. कॉस्मेने ते कापून दिलं, पिशवीला गाठ मारली आणि म्हणाला, “बरा शिजव. घरी गेल्यार हात धू. कच्च्या चिकनाची सुरी टोमॅटोक लावू नको.” क्रिस्टोफरने मान डोलावली. हे कॉस्मे आता प्रत्येकाला सांगू लागला, बोट वर करून, टीचरच्या चालीवर. लोक कंटाळले, पण येत राहिले.

जूनमध्ये एका रविवारी टीचरनी त्याला बोलावलं. गेला तर ओटीवर राधाबाई बसलेल्या आणि मधे सॅलडचं भांडं. या वेळी मेयोनेज नव्हतं, राधाबाईंसाठी चक्का घालून केलं होतं. राधाबाईंनी एक चमचा तोंडात घातला, चावला, गिळला आणि चमचा बशीत ठेवला.

“बरं झालंय,” त्या म्हणाल्या.

“खोटा बोलू नको.”

“पूर्वीची चव नाही.”

“नसतलीच.”

पावसाचे शिंतोडे येत होते, म्हणून टीचरनी भांडं आत ओढलं. मग राधाबाईंनी कॉस्मेकडे न बघता विचारलं, “त्या तुझ्या भाचीला जरा विचारशील का? अंडं उकडून, चांगलं घट्ट उकडून, मग घोटून घातलं, तर चालतं का?”

“बाई, तुमका चलता काय?” कॉस्मेने विचारलं.

“माझं मी बघेन,” राधाबाई म्हणाल्या. “जंतूंचं विचार.”

कॉस्मेने तिथूनच रिशेलला फोन लावला. रिशेल म्हणाली, दहा मिनिटं उकळू दे, गार कर, लगेच फ्रिजमध्ये ठेव आणि दोन तासांच्या आत खा. टीचरनी ते शब्दकोड्याच्या कडेला लिहून घेतलं आणि त्याला चार अंडी आणायला पाठवलं. पाऊस जोराचा होता. कॉस्मे छत्री घेऊन निघाला, आणि फाटकापर्यंत जातोय तोच मागून राधाबाईंचा आवाज आला, सहा आण.